पेरणीच्या तोंडावर लेकराची खोली

रोहिणी सरल्या, मृग लागला. रान पाळी घालून तयार आहे, वाट आहे ती पावसाची. घरचे बी उगवण तपासून बाजूला काढलेले असले तर बरे, नाही तर बॅगेसाठी दुकानाच्या दारात उभे राहायचे. नेमक्या याच दिवसांत घरात दुसरी एक पेरणी चालू असते. दहावीचा निकाल लागलेला असतो, लेकराला चांगले मार्क पडलेले असतात, पेढे वाटून झालेले असतात. रात्री ताटावर बसल्यावर बाप हळूच विषय काढतो, "लातूरला ठिवायचं खरं, पण ठिवायचं कुठं?"

प्रवेशाची चौकशी दहा जण करतात. कॉलेज कोणते चांगले, फी किती, क्लास कोणता लावावा, ही माहिती आता पारावर बसल्याजागी मिळते. पण पोरगं राहणार कुठं, जेवणार काय, पाणी कुठलं पिणार, याचा विचार सुरू होतो तो प्रवेश झाल्यावर, बसस्टँडवर पेटी आणि वळकटी उतरवल्यावर. मग मिळेल ती खोली, सांगतील ते भाडे, मागतील ते डिपॉझिट. दोन महिन्यांत खोली बदलायची पाळी येते. डिपॉझिट अडकते आणि तोवर पहिली चाचणी परीक्षा होऊन गेलेली असते.

वास्तविक खोली हा शिक्षणाचाच भाग आहे. बी कितीही चांगले असले तरी वाफसा नसताना पेरले तर उगवत नाही. म्हणून खोलीचा हिशेब पेरणीच्या हिशेबाबरोबरच, मे महिन्यात मांडावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे. उदाहरण लातूरचे घेतले आहे. नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर, पुणे इथे पोर पाठवणाऱ्यांनाही त्यातले बहुतेक लागू पडेल.

लातूरची वाट

लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ साली निघाले, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली. १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून लातूर वेगळे झाले. पुढच्या काळात बारावी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत इथली नावे झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला. नियमित तास, भरपूर सराव परीक्षा आणि पोरांवर बारीक लक्ष, हे त्यामागचे साधे सूत्र. आज वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून आणि बाहेरूनही मुले-मुली इथे येतात. डाळ आणि सोयाबीनच्या आडतीसाठी ओळखले जाणारे हे गाव आता पोरांच्या खोल्यांचेही गाव झाले आहे. औसा रोड, खाडगाव रोड, अंबाजोगाई रोड, कुठेही आत वळा, दारावर पाटी दिसतेच: 'रूम भाड्याने देणे आहे. फक्त विद्यार्थ्यांसाठी.'

पाट्या भरपूर आहेत, म्हणून खोली सहज मिळते असे नाही. जागा मिळते. राहण्यासारखी, परवडणारी आणि वर्षभर टिकणारी खोली शोधावी लागते.

हिशेब क्विंटलमध्ये मांडा

शहरातला खर्च रुपयांत ऐकला की नीट उमजत नाही. तो आपल्या मालात मांडून बघावा. पुढचे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा तीन मुलांनी मिळून ६,००० रुपयांची खोली घेतली. एकाच्या वाट्याला आले २,०००. दोन वेळची मेस ३,०००. लाइटबिल, अभ्यासिका, साबण-तेल, मोबाइल, गावाकडे येणे-जाणे मिळून १,०००. महिन्याला झाले ६,०००. दहा महिन्यांचे ६०,०००. यात कॉलेजची फी नाही, क्लासची फी नाही, पुस्तके नाहीत.

आता सोयाबीन घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल ठरवला. त्या भावाने ६०,००० रुपये म्हणजे सव्वाअकरा क्विंटल. कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल उतारा धरला, तर जवळजवळ दोन एकरांचे अख्खे पीक गेले, आणि तेही बी, खत, फवारणी, काढणी-मळणी काहीच वजा न करता. बाजारात हमीभावाच्या खाली माल विकावा लागला तर आणखी. एका लेकराची एका वर्षाची खोली आणि दोन घास यांची किंमत ही आहे. चार एकरांच्या धन्याने हे आधी ओळखले पाहिजे.

खरी अडचण मात्र वर्षाच्या बेरजेपेक्षा पहिल्या महिन्याची असते. दोन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट धरले तर वरच्या उदाहरणात एकाचा वाटा ४,०००, पहिल्या महिन्याचे भाडे २,०००, मेसचे आगाऊ ३,०००, गादी-बादली-कुलूप-टेबलफॅन यांचे २,००० धरा. जूनमध्ये एकदम ११,००० रोख. साधारण दोन एकरांचे बी-खत त्यात उरकते. एकाच आठवड्यात एकाच खिशातून दोन्ही काढायचे, म्हणून बाप सावकाराकडे जातो किंवा आईच्या कानातले मोडले जाते.

यावर दोन उपाय आहेत. तूर किंवा हरभरा विकला की त्यातलेच दहा-बारा हजार 'खोलीचे' म्हणून बाजूला टाकावेत. बियाण्याचे पोते जसे उपासमार आली तरी फोडत नाहीत, तसे त्या पैशाला हात लावू नये. दुसरे, डिपॉझिट दोन हप्त्यांत देण्याची गोष्ट मालकापाशी उघड काढावी: निम्मे आत्ता, निम्मे दिवाळीला सोयाबीन विकल्यावर. लातुरातल्या अनेक घरमालकांचे स्वतःचे शेत आहे, हंगाम त्यांनाही कळतो. विचारले तर नाही म्हणतील, पण न विचारता हो कोण म्हणणार?

आधी वसतिगृह, मग खोली

खाजगी खोली हा शेवटचा पर्याय समजावा. पहिली चौकशी कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहाची करावी. दुसरी समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांच्या शासकीय वसतिगृहांची. तिथे राहणे-जेवण मोफत असते. प्रवेश गुणवत्तेवर आणि जागांवर अवलंबून असतो, म्हणून अर्ज वेळेत जायला हवा.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तरी वाट बंद होत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या, बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यात भोजन, निवास व निर्वाहासाठी रक्कम जमा होते. पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,०००, तर इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० असे तिचे दर आहेत. उत्पन्नाची, गुणांची आणि हजेरीची अट आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, अकरावी-बारावीला तिचा उपयोग नाही, हे ध्यानात ठेवावे.

दोन गोष्टी मात्र पक्क्या समजून घ्याव्यात. या योजनांचा पैसा जूनमध्ये हातात पडत नाही. अर्ज, छाननी होऊन तो खात्यावर यायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांची सोय आपणच करायची. दुसरे, बाहेर राहतो याचा पुरावा मागितला जातो. भाड्याचा करार नसेल, पावती नसेल, तर हक्काची योजनाही हातची जाते.

गाव वीस-तीस किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन शिकणे हाही पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही. एसटीचा विद्यार्थी पास सवलतीत मिळतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे. मात्र सकाळची बस नक्की येते का आणि शेवटची बस किती वाजता सुटते, हे आठ दिवस पाहून मगच ठरवावे. रोज तीन तास रस्त्यात जाणार असतील तर खोली स्वस्त पडली असे म्हणायची पाळी येईल.

पैसे कधी द्यावेत

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात आणि मनातले कॉलेज मिळतेच असे नाही. एका टोकाला खोली घेतली आणि कॉलेज दुसऱ्या टोकाला लागले, तर रोजचे रिक्षाभाडे सुरू होते. म्हणून मे महिन्यात एक दिवस काढून भाग बघून ठेवावा, दर विचारून ठेवावेत, दोन-तीन घरमालकांचे नंबर घ्यावेत. पैसे मात्र प्रवेश पक्का झाल्यावरच द्यावेत.

मोबाइलवर फोटो पाहून 'टोकन' पाठवू नये. चकचकीत खोलीचा फोटो, "शेवटचीच राहिलीय, आत्ताच पाठवा" असा फोन, आणि पैसे गेल्यावर नंबर बंद, ही फसवणूक जुनी झाली तरी अजून चालते. बैल दावणीला जाऊन, दात बघून घेतो. खोलीही उंबरा ओलांडल्याशिवाय घेऊ नये. एजंटामार्फत जात असाल तर दलाली किती आणि ती कोण देणार, हे खोली बघण्याआधी ठरवावे.

पाणी बघा, रंग बघू नका

लातूरकरांना पाण्याची गोष्ट सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या एप्रिलमध्ये पहिल्या गाडीने दहा टँकरांतून पाच लाख लिटर पाणी आले, ते साऱ्या देशाने पाहिले. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांनी तो उन्हाळा कसा काढला असेल, याची कल्पना करावी.

खोली आपण जून-जुलैमध्ये बघतो. तेव्हा बोअरला पाणी असते, नळ वाहत असतो, सगळे हिरवे दिसते. पण पोराची खरी कसोटी उन्हाळ्याच्या तोंडावर असते. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि 'नीट' मेच्या सुरवातीला. म्हणजे बोअर आटायला लागते तेव्हाच पोरगं रात्रंदिवस अभ्यास करत असते. तेव्हा मालकाला चार प्रश्न सरळ विचारावेत. नळ किती दिवसांआड येतो? बोअर एप्रिल-मेमध्ये चालतो का? गच्चीवरची टाकी किती लिटरची आणि तिच्यावर पोरे किती? टँकर लागला तर पैसे कोण देणार? मालक चांगलेच सांगणार, म्हणून हेच प्रश्न तिथे गेल्या वर्षी राहिलेल्या मुलांनाही विचारावेत. वर्षभर राहिलेले पोरगं दोन मिनिटांत खरे सांगून टाकते. पिण्याच्या पाण्याचा जार भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हेही तिथेच कळते.

पाण्यानंतर हवा आणि उजेड. खिडकी आहे का, ती उघडते का? पत्र्याची खोली जूनमध्ये सोसते, एप्रिलमध्ये तिचा तवा होतो. संडास-बाथरूम किती जणांत एक? सकाळी कॉलेज सात-साडेसातचे असेल आणि दहा पोरांत एकच बाथरूम असेल, तर रोज कोणाचा तरी तास बुडणार. लाइटला स्वतंत्र सबमीटर आहे का, युनिटला किती दर लावतात?

जिवाशी गाठ असलेल्या गोष्टीही याच वेळी पाहाव्यात. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल आणि हवा जायला झरोका नसेल तर ती खोली नको. बंद जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, माणूस बेशुद्ध पडतो आणि कुणाला कळतही नाही. उघड्या वायरी, बादलीतले पाणी तापवायची कॉइल, दाटीवाटीचा एकच जिना, रात्री बाहेरून कुलूप लावलेले दार, हे सगळे धोक्याचे आहे. मुली राहतात म्हणून बाहेरून कुलूप लावतो असे कोणी अभिमानाने सांगितले, तर आग लागल्यावर त्या बाहेर कशा पडणार, हे त्याला विचारावे.

एक वेळ दिवसा आणि एक वेळ अंधार पडल्यावर जावे. दिवसा शांत वाटणारी गल्ली रात्री कशी असते, कॉलेज-क्लासपासून येताना दिवे आहेत का, हे अंधारातच कळते.

कागदाला कंटाळू नका

गावात आपण शब्दावर व्यवहार करतो. बटईचे रानसुद्धा तोंडी देतो. शहरातल्या खोलीला ते चालत नाही. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही," असे सर्रास सांगितले जाते. ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उलट लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, खरे धरले जाते. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते.

दुसरी गोष्ट फारशा कोणाच्या लक्षात येत नाही. अकरावी-बारावीचे पोर १८ वर्षांच्या आतले असते. अज्ञानाने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही. तेव्हा करार बापाच्या किंवा आईच्या नावे असावा आणि राहणारा म्हणून मुलाचे नाव त्यात घालावे.

हॉस्टेलमध्ये किंवा कॉट बेसिसवर राहायचे असेल तर तिथे बहुधा छापील फॉर्म असतो. तो घाईत सही करून देऊ नये, वाचावा. डिपॉझिट किती, परत कधी, किती दिवस आधी सांगून खोली सोडता येते, मध्येच सोडल्यास काय कापणार, उन्हाळ्याच्या सुटीचे भाडे घेणार का, दर वर्षी वाढ किती, या सहा गोष्टी लिहिलेल्या नसतील तर हाताने लिहून घ्याव्यात. वर्षाचे सगळे पैसे एकदम मागत असतील तर दोनदा विचार करावा. पोराला पंधरा दिवसांत करमले नाही तर ते पैसे सुटायला मुश्कील जाते.

रोख दिले तर पावती घ्यावी, मोबाइलवरून दिले तर कशाचे ते तिथेच लिहावे. पहिल्या दिवशीच खोलीचे, भिंतींचे, पंख्या-कॉटचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. वर्षअखेर "भिंत खराब केली, पंखा मोडला" म्हणून डिपॉझिट कापायला निघाले, तर हे फोटो साक्षीदार होतात. आधार कार्डाची झेरॉक्स देताना तिच्यावर 'फक्त भाडेकरारासाठी' असे लिहून तारीख टाकावी.

मेस आणि खाडा

घर सोडलेल्या पोराचे पहिले पत्र पूर्वी जेवणाबद्दल असायचे, आता पहिला फोन असतो. एके काळी गावाकडचा डबा एसटीच्या ड्रायव्हरपाशी दिला जायचा आणि पोरगं स्टँडवर तो घ्यायला उभे राहायचे. आता मेस आहेत. महिन्याचे पैसे देण्याआधी एक वेळ तिथे बसून स्वतः जेवावे. पोळी कच्ची आहे का, भाजीत नुसता रस्सा आहे का, पाणी कुठले वाटतात, ताटे कशात धुतात, हे बापाने एकदा डोळ्यांनी बघावे. गावी गेले तर खाडा धरतात का आणि किती दिवसांनंतर धरतात, हेही विचारावे. महिन्यातून चार-सहा दिवस पोरगं घरी येणार असेल तर वर्षाला ती रक्कम लहान नाही.

तीन-चार पोरे मिळून स्वतः करून खाणार असतील तर ज्वारी, डाळ, तिखट घरून जाते आणि खर्च निम्म्यावर येतो. पण त्यात रोजचे दीड-दोन तास जातात. बारावीच्या वर्षात ते परवडते का, हे घरानेच ठरवावे. काटकसर वेळेतही मोजली पाहिजे.

आडनाव विचारतात तेव्हा

एक गोष्ट लपवून उपयोग नाही. खोलीचे भाडे सांगण्याआधी काही ठिकाणी आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, "खाता का?" असे विचारले जाते. मग मोकळी असलेली खोली एकाएकी "आत्ताच गेली" होते. हा अपमान घेऊन परत फिरलेली पोरे आपल्याच गावातली आहेत, आणि पाटी लावणारेही आपल्यातलेच आहेत.

महाराष्ट्राने यावर शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग उभे केले, मग एकेका समाजासाठी बोर्डिंगे काढली. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातले पोर शहरात राहायला जागा नाही म्हणून शिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत बसवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. ज्यांच्या नावाने कॉलेजे चालतात, त्यांच्या कॉलेजात शिकायला आलेल्या पोराला आडनावावरून परत पाठवायचे, हे आपल्याला शोभत नाही.

मुलींची खोली

२०२४-२५ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेशातून येणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठराविक प्रवर्गांच्या मुलींची फी माफ केली. निर्णय मोठा आहे. पण फी माफ झाली, खोलीचे भाडे माफ झालेले नाही. पोरीला मार्क जास्त असूनही जवळच्या कॉलेजात घालतात आणि पोराला लातूरला पाठवतात, याचे कारण बहुतेक घरांत फी नसून खोली हेच असते. "पोरीची जात, ठिवायची कुठं?" या एका वाक्यावर किती शिक्षण थांबले असेल, याचा हिशेब कोणाच्या वहीत नाही.

मुलींसाठी खोली बघताना आईने बरोबर जावे. बापाला न दिसणाऱ्या गोष्टी आईला दिसतात: बाथरूमला आतून कडी आहे का, कपडे वाळत घालायला आडोसा आहे का, पाळीच्या दिवसांत कचरा टाकायची सोय आहे का. मालक तिथेच राहतो की नाही, बाई माणूस कोण आहे, रात्री आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार, हे तोंडावर विचारावे. गावातल्या किंवा नात्यातल्या दोन-तीन मुली एकत्र राहिल्या तर घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहतो आणि भाडेही वाटले जाते.

आणि पोरगा असो की पोरगी, खोलीत ठेवून आल्यावर काम संपले असे समजू नये. सोळा वर्षांचे लेकरू पहिल्यांदाच घराबाहेर राहते. रोज फोनवर "किती मार्क पडले?" असे विचारण्याऐवजी "जेवलास का, झोप झाली का?" असे विचारावे. आवाज बदललेला वाटला, फोन उचलेनासे झाले, तर खुरपणी एक दिवस मागे पडली तरी चालेल, उठून लातूर गाठावे. मानसिक त्रासासाठी सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरावर आहे. नंबर पोराच्या आणि आपल्याही मोबाइलमध्ये असावा.

गावाने काय करावे

तलाठी आणि ग्रामसेवक (पदांची नावे आता बदलली, गावात हाक तीच आहे) यांना एक विनंती. उत्पन्नाचा, रहिवासाचा, अल्पभूधारकाचा दाखला प्रत्येकाला जूनमध्येच लागतो आणि जूनमध्येच सगळी गर्दी होते. मे महिन्यात गावातच एक दिवस ठरवून कागदपत्रे जमा करून घेतली, तर पेरणी सोडून तहसीलला घातलेल्या तीन-तीन चकरा वाचतील. स्वाधार, आधार, स्वयं या योजनांची माहिती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, तर ती एजंटाकडून विकत घ्यावी लागणार नाही.

गावातली किती पोरे शहरात कुठे राहतात, याची एक यादी ग्रामपंचायतीत असावी. गेल्या वर्षी राहून आलेल्या पोराने "त्या घरात पाणी चांगलं, त्या हॉस्टेलात डिपॉझिट देत नाहीत" एवढे सांगितले तरी पुढच्या पोराचे हजारो रुपये वाचतात. गावातल्या चार घरांनी मिळून एकच चांगली खोली धरायची, पोरे बदलत जातील पण खोली गावची राहील, हेही करण्यासारखे आहे. मालकालाही दर वर्षी नवे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

शहराला चिकटलेल्या गावांत ज्या शेतकऱ्यांनी रान कमी करून खोल्या बांधल्या, त्यांनाही दोन शब्द. खोल्या बांधल्या हे चांगलेच केले, त्या उत्पन्नावर घर चालते. पण बांधकामाची परवानगी, सेप्टिक टँक, पाण्याची सोय आणि जिना आधी, मग खोल्यांची संख्या. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, करार नोंदवावा, डिपॉझिट वेळेवर परत करावे. आपले पोर पुण्याला कोणाच्या तरी खोलीत राहत असते. तिथल्या मालकाने त्याच्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण इथे वागावे.

बापाने पहिली गोष्ट कुठली करावी, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. पोराला एकट्याला पाठवू नका. एक दिवस रान राहू द्या, बरोबर जा. नळ सोडून बघा, मेसला जेवा, शेजारच्या पोरांशी बोला, कागदावर सही करा आणि मगच पेटी ठेवा. पेरणी दोन दिवस पुढे गेली तर पीक सांभाळून घेते. लेकराचे अकरावीचे वर्ष मात्र पुन्हा पेरता येत नाही.